भिवंडीत काय खावं?

परवा माझी नात व्हिएतनामला जाऊन आली. हल्ली सगळेच तिकडे जातात. आमच्या वेळी व्हिएतनाम म्हटलं की युद्ध, एवढंच डोळ्यांपुढे यायचं. जाण्याआधी तिनं एक यादी केली होती, तिथे गेल्यावर कोणते पदार्थ खायचेच याची. आल्यावर मोबाइलवर फोटो दाखवत बसली. "आजी, हा फो. हाडांच्या रश्श्यात तांदळाच्या शेवया असतात, लोक सकाळी सकाळी फुटपाथवर बसून खातात. हा बान्ह मी, म्हणजे त्यांचा पाव. आणि हे बघ, बान्ह बो. तांदळाचं पीठ आंबवून वाफवतात, गोड असतं."

तो शेवटचा फोटो मी जरा जास्तच वेळ बघत राहिले. का, ते पुढे सांगते.

मग तिनं विचारलं, "आजी, समजा कोणी पाहुणा भिवंडी बघायला आला, तर त्याला तू काय खायला सांगशील?"

मी पटकन बोलून गेले, "भिवंडी बघायला कोण कशाला येतंय!" सगळे हसले. विषय तिथेच संपला. पण रात्री मला काही झोप येईना. पन्नास वर्षं ज्या गावात काढली, त्यातली तीसहून जास्त वर्षं जिथल्या मुलांना मराठी आणि इतिहास शिकवला, त्या गावाबद्दल मला एक धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख. उशिरा सुचलेलं उत्तर समजा हवं तर.

खरं सांगायचं तर भिवंडीच्या नावाचा एकही पदार्थ नाही. कोल्हापूरची मिसळ आहे, नागपूरची संत्रा बर्फी आहे. सोलापूर आमच्यासारखंच मागांचं गाव, पण त्यालाही शेंगाचटणी आहे. भिवंडी म्हटलं की लोकांना तीनच गोष्टी आठवतात. पॉवरलूम, गोडाऊन आणि दंगल. यातली एकही खाण्याची नाही!

पण नातीच्या त्या फोविषयी थोडं वाचलं तेव्हा एक गंमत लक्षात आली. हा पदार्थ काही हजारो वर्षांचा नाही, सव्वाशे वर्षांच्या आसपासचा आहे. फ्रेंचांचं राज्य आलं, गोमांस खाण्याचं प्रमाण वाढलं, त्यातून उरलेल्या हाडांचा रस्सा झाला. हा पदार्थ नाम दिन्हच्या परिसरातला, असं पुष्कळ जण मानतात. आणि हे नाम दिन्ह कोणतं गाव? तर फ्रेंचांच्या काळातल्या मोठ्या कापड गिरणीचं गाव! खांद्यावर कावड घेऊन फेरीवाले हा रस्सा कामगारांना विकत. त्यांचा पावही फ्रेंचांकडून आलेला, जसा आपला पोर्तुगीजांकडून आला. म्हणजे जगभर ज्याचं कौतुक होतं ते 'पारंपरिक' खाणं आलेल्या-गेलेल्यांनी आणि कष्टकऱ्यांनी घडवलेलं. मग त्याच न्यायानं भिवंडीचं ताट मांडायला काय हरकत आहे?

तर या, बसा.

सुरुवात तांदळापासून करू. भिवंडी एके काळी बंदर होतं हे आज कोणाला सांगून पटत नाही. कामवारी नदी खाडीला मिळते, त्या खाडीतून गलबतं यायची. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याणबरोबर भिवंडीही घेतली, ती उगीच नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये इथला व्यापार सांगताना तांदूळ, सुकी मासळी, कापड, गवत आणि लाकूड अशी यादी आहे. त्यातल्या पहिल्या दोन नावांत आगरी माणसाचं अख्खं जेवण येतं.

आगरी लोक इथले जुने. मिठागरं, भातशेती आणि खाडीची मासळी यांवर जगलेले. वसईच्या मोहिमेसाठी (१७३७ ते १७३९) पेशव्यांकडे धाव घेणारे गंगाजी नाईक ज्या अंजूर गावचे, ते आमच्याच तालुक्यात आहे. आगरी घरात तांदळाची भाकरी अशी करतात की हातावर घेतली तर रुमालासारखी दुमडते. सोबत सुकट किंवा सुके बोंबील, घरच्या मसाल्यातले. खाडीत मिळाल्या तर चिंबोऱ्या आणि निवट्या. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, मीठ, ओवा घालायचा, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शेतात भात कापून झाल्यावरच्या मोकळ्या जमिनीवर बसून खायचा हा पदार्थ.

ती मोकळी जमीन मात्र आता शोधावी लागते. मुंबईला जकात होती, म्हणून माल मुंबईच्या हद्दीबाहेर उतरवून ठेवणं व्यापाऱ्यांना परवडायचं. त्यातून माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी गोदामं उभी राहिली. जकात २०१७ साली गेली, गोदामं राहिली. माझे आगरी विद्यार्थी आता गोदामांचं भाडं घेतात आणि तांदूळ दुकानातून आणतात. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. चिखलात पाय घालून भात लावणं मला कधी करावं लागलं नाही.

दुसरा पदार्थ पूर्वेकडून आला. मुंबई इलाख्यात गिरण्या आणि हातमाग वाढले तसे तेलंगणातले पद्मशाली विणकर सोलापूरला, मुंबईला आणि भिवंडीला आले. पद्मानगर, कामतघर भागात त्यांची वस्ती. माझ्या वर्गात पद्मशालींची पुष्कळ मुलं असायची. घरी तेलुगू बोलायची आणि शाळेत मराठी व्याकरणात आमच्या मुलांच्या पुढे जायची! संक्रांतीला आम्ही तिळगूळ वाटायचो, तर ही मुलं डब्यातून सकिनालू आणायची. तांदळाच्या पिठात तीळ आणि ओवा घालून बोटांनी वळत वळत केलेली चकलीसारखी कडी, पण साच्याशिवाय. कापडावर घालून जरा सुकवायची आणि मग तळायची. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, सुताची लडी ठेवली आहे. त्यांच्याकडची सर्वपिंडीही अशीच, तांदळाचं पीठ, शेंगदाणे, मिरची घालून पातेल्याच्या बुडाला थापायची आणि तिथेच भाजायची. तवा वेगळा नको, पोळपाट नको. सगळं घर मागावर बसलेलं असताना असाच स्वयंपाक सोयीचा पडणार.

बतुकम्माच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या बायका फुलांच्या उतरंडी पाण्यात सोडतात आणि मलिद्याचे लाडू वाटतात. भाकरी कुस्करून गूळ घालून केलेले. हा मलिदा शब्द मोठा गमतीचा आहे. मूळ फारसी, अर्थ चोळलेलं, कुस्करलेलं. आमच्या गावच्या दिवाणशहाच्या दर्ग्यासारख्या ठिकाणी फातेह्याला चपातीचा मलिदा होतो. ठाण्याला १८७९ सालचं सिनेगॉग आहे, तिथल्या बेने इस्रायली मंडळींचा मलिदा पोह्यांचा, खोबरं आणि फळं घातलेला, प्रेषित एलियाच्या नावानं. तीन देवांना तीन मलिदे. आणि आपल्या मराठीत मात्र मलिदा खाणारा म्हणजे कंत्राटात पैसे खाणारा! शब्दांचं नशीबही बघा कसं असतं.

तिसरे आले उत्तरेकडून. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर देशोधडीला लागले. इंग्रजी कापडानं त्यांचा धंदा आधीच बुडत होता, त्यात बंडानंतरची धरपकड आणि दुष्काळ. चालत, बैलगाड्यांनी ते दक्षिणेकडे आले, काही मालेगावात थांबले, काही भिवंडीत. पुढे विसाव्या शतकात हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, त्यानंतर काम भिवंडीकडे आलं आणि खडखडाट वाढतच गेला. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. रात्रपाळी सुटली की कामगार निहारी खायला जातो. निहारीतला 'नहार' अरबी, म्हणजे दिवस. रात्रभर मंद आचेवर शिजलेला मटणाचा दाट रस्सा आणि गरम रोटी. मी मासे खाते, मटण खात नाही, त्यामुळे चवीबद्दल ऐकीव सांगते. पण त्या नाम दिन्हचा हाडांचा रस्सा आणि आमची निहारी यांचं घड्याळ एकच आहे, हे मला चव न घेताही कळतं. रात्रभर शिजायचं आणि पहाटे दमलेल्या माणसाच्या पोटात जायचं.

पण कामगाराला रोज निहारी परवडत नाही. त्याचं खरं जेवण भिसीत होतं. भिसी हा शब्द बाहेरच्यांना पैशाची भिशी वाटतो. इथे भिसी म्हणजे कामगारांची खानावळ. गावाकडून एकटे आलेले पुरुष, एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे. महिन्याचे ठरलेले पैसे आणि दोन वेळचं डाळ, भात, चपाती, भाजी. ओरिसावाल्यांची वेगळी, बिहारवाल्यांची वेगळी, तेलुगू लोकांची वेगळी. कारण माणूस परमुलखात भाषा बदलतो, कपडे बदलतो, पण फोडणी बदलत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, माग थांबले. मागाचे पैसे बंद म्हणजे भिसीचे पैसे बंद. काही दिवस उधारीवर चाललं, मग चूल थंडावली. आमच्या गच्चीवरून नाशिक रस्त्याकडे पाठीवर बोचकी घेऊन चालत निघालेली माणसं मी बघितली आहेत. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरची गाडी सुटली, पण तोवर किती तरी जण पायी निघून गेले होते. गावात धान्याची इतकी गोदामं भरलेली, आणि विणणारा माणूस उपाशी चाललेला. इतिहासाच्या पुस्तकात दुष्काळाचा धडा शिकवताना मी जे शिकवलं होतं, ते त्या वेळी मला नीट कळलं.

आता चौथा पदार्थ. काळाच्या हिशेबानं तो आधी यायला हवा होता, पण मी मुद्दाम शेवटी ठेवला. नातीच्या फोटोतलं ते वाफवलेलं गोड बघून मला जे आठवलं ते हेच.

कोकणी मुसलमान हे भिवंडीचे फार जुने रहिवासी. निजामपूर, बंदर मोहल्ला ही त्यांची ठाणी. अरब व्यापारी कोकण किनाऱ्यावर आले, इथेच स्थायिक झाले, इथल्या बायका केल्या. अल् मसूदी नावाचा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला आला होता, तेव्हाच तिथे हजारो मुसलमान राहत असल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधी पावणेचारशे वर्षं. त्यांची घरची बोली मराठीचीच एक बहीण आहे आणि त्यांच्या सणाचा एक पदार्थ म्हणजे सांदण. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, साखर. पूर्वी माडी घालून आंबवायचे, आता यीस्ट घालतात. वाट्यांमध्ये घालून वाफवायचं. पांढरंशुभ्र, जाळीदार, मऊ. अगदी त्या बान्ह बोसारखं.

मी माहेरची चिपळूणकडची. आमच्याकडेही सांदण होतं. फणसाच्या रसातलं, पिवळं. आई मे महिन्यात करायची, वर साजूक तूप आणि नारळाचं दूध. लग्न होऊन १९७५ साली भिवंडीला आले, तेव्हा आमच्या घराची मागची भिंत एका कोकणी मुसलमान कुटुंबाच्या भिंतीला लागून होती. शेजारीण माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. मी त्यांना आपा म्हणायचे, त्या मला बाई. ईदला आपांकडून आमच्याकडे कोरड्या शेवया, खारीक, बदाम यायचे. शिजवलेलं कधीच नाही. दिवाळीला आमच्याकडून त्यांच्याकडे फराळाचं ताट जायचं, चकल्या, करंज्या, सगळं शिजवलेलं, तळलेलं. ते आमचं खायचे, आम्ही त्यांचं खायचो नाही. यात काही विचित्र आहे असं आम्हा कोणालाच वाटत नव्हतं. निदान मला तरी वाटत नव्हतं. आपांना काय वाटायचं, हे मी कधी विचारलं नाही.

मे १९८४ मध्ये गावात दंगल झाली. १९७० नंतरची दुसरी मोठी. त्याबद्दल इथे लिहीत नाही, ज्यांनी पाहिली त्यांना सांगायची गरज नाही. संचारबंदी लागली. दूध नाही, भाजी नाही, घरात दोन लहान मुलं. एका संध्याकाळी मागच्या दारावर थाप पडली. आपा होत्या, हातात रुमालानं झाकलेली थाळी. म्हणाल्या, "पोरांसाठी आणलंय बाई. सांदण आहे. यात काही नाही, नारळ नि तांदूळ." घरात जे होतं त्यातून त्यांनी केलं होतं. पहिल्यांदाच शिजवलेलं आणलं होतं, कारण वेळच तशी होती.

मी म्हटलं, "आज माझा उपास आहे. आणि मुलांचं पोट बरं नाही."

दोन्ही खोटं होतं. भीती होती, राग होता, आणि त्याच्याही खाली ती जुनी सवय होती. आपा म्हणाल्या, "बरं, बरं," आणि थाळी घेऊन गेल्या. त्या दिवशी मंगळवार होता. माझा उपास सोमवारचा.

पुढे ईदच्या शेवया येत राहिल्या, फराळ जात राहिला. पण शिजवलेलं पुन्हा कधी आलं नाही. दोनेक वर्षांनी ते मुंब्र्याला राहायला गेले. १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गावात मोहल्ला समित्या काढल्या. दोन्हीकडच्या लोकांना एकत्र बसवायचं, चहा प्यायचा, भांडण उंबऱ्यावर असतानाच मिटवायचं. आमचे हे जायचे त्या बैठकांना. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ती बातमी वाचताना मला आधी आठवली ती थाळी.

निवृत्त झाल्यावर एका लग्नात एक बाई माझ्याजवळ आल्या. "बाई, ओळखलंत? आम्ही तुमच्या मागे राहायचो." आपांची मुलगी. आपा जाऊन तीन वर्षं झाली होती. तिनं आग्रहानं घरी नेलं आणि पुढ्यात ठेवलं ते सांदणच. मी खाल्लं. चव? माझ्या आईच्या सांदणातून फणस काढून टाकला तर जी उरेल, ती.

मी तिला ती संध्याकाळ सांगितली. खोटं बोलले होते, म्हटलं. ती म्हणाली, "अम्मीला माहीत होतं. ती आम्हाला नेहमी सांगायची, सोमवारी बाईंकडे काही न्यायचं नाही, त्यांचा उपास असतो. त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, बाई घाबरल्यात, त्यांना काही बोलू नका." मग आम्ही दोघी काही वेळ गप्प बसलो. तिनं मला अजून एक सांदण वाढलं.

तर नातीच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. पाहुणा थंडीत आला तर त्याला आगरी गावात पोपटीला न्यावं. संक्रांतीला आला तर पद्मानगरात सकिनालू खाऊ घालावेत. मटण खात असेल तर पहाटे उठवून निहारीला पाठवावं, आणि एक दिवस तरी भिसीतली डाळ खायला लावावी, म्हणजे अंगातलं कापड कोणाच्या जेवणावर विणलं जातं ते कळेल. सांदण मात्र हॉटेलात मिळण्याची आशा धरू नये. ते घरात होतं. कोणी बोलावलं तरच मिळतं, आणि कोणी बोलावलं तर उपास सांगू नये.

नातीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आजी, पुढच्या रविवारी येते, आधी तू मला खाऊ घाल." आपांच्या मुलीला फोन करून प्रमाण विचारलं आहे. दोन वाट्या तांदळाचा रवा, एका मोठ्या नारळाचं दूध. उद्या पहिला घाणा करून बघते. जाळी पडते का ते बघू. असो.